केळीचे पैसे ‘टाकले’ म्हणजे नेमके कधी येतील?

रावेरकडे केळीची गाडी भरून गेली, व्यापारी म्हणतो, “आबा, पैसे टाकले,” आणि आपण पासबुक घेऊन बँकेच्या दारात. अशा वेळी आधी एकच विचारा: कशाने टाकले? यूपीआय, आयएमपीएस, आरटीजीएस आणि एनईएफटी हे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायचे वेगवेगळे मार्ग.

यूपीआय किंवा आयएमपीएस असेल तर रक्कम बहुधा मिनिटाच्या आत दिसते. 2 लाख किंवा त्याहून जास्त आरटीजीएसने आले, तर साधारण अर्ध्या तासात. घोळ होतो तो एनईएफटीत. ती दर अर्ध्या तासाला गठ्ठ्याने सुटते, जणू एसटीच. गठ्ठा सुटल्यावर 2 तासांत आपल्या बँकेने पैसे जमा करायचे, नाहीतर परत पाठवायचे. डिसेंबर 2019 पासून ही सेवा रविवारीही, रात्रीही चालू असते. त्यामुळे “आज सुट्टी आहे ना” हे कारण ऐकून घेऊ नका. मात्र व्यापाऱ्याने शाखेत फॉर्म भरून दिला असेल, तर तो संगणकात चढेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही.

तीन तास उलटले? व्यापाऱ्याकडून यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागवा. नुसता स्क्रीनशॉट नको. त्या नंबरावरून बँकेला पैसे शोधता येतात. उशीर बँकेचा निघाला, तर रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) अधिक 2 टक्के व्याज तिने द्यायचे असते.