जुनी स्पोर्ट्‌स कार घेताय? या चुका टाळा

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत आरती संपून लोक प्रसादाच्या रांगेला लागले, की कुणीतरी हळूच माझ्या शेजारी येऊन उभं राहतं. "काका, एक गाडी बघितलीय." मग फोन पुढे येतो, फोटो सरकायला लागतात आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, "हिचा भाव दोन वर्षांत डबल होईल ना?"

मी १९९८ पासून न्यू जर्सीत आहे आणि २००७ पासून माझ्या गराजमध्ये १९८७ ची पोर्श ९११ करेरा उभी आहे. एवढ्या भांडवलावर मंडळाने मला जाणकार ठरवून टाकलंय. जाणकार वगैरे काही नाही. चुका मात्र बहुतेक सगळ्या करून झाल्यात, काही स्वतःच्या पैशांनी आणि काही दुसऱ्यांच्या. त्याच चुका दरवर्षी नव्या चेहऱ्याने समोर येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वर्षी हे वाचायला देईन आणि निवांत मोदक खाईन.

विक्रमी बोली म्हणजे बाजारभाव नव्हे

मार्च २०१९ मध्ये फ्लोरिडात अमेलिया आयलंडच्या लिलावात १९९४ ची एक टोयोटा सुप्रा १,७३,६०० डॉलरला गेली. ही बातमी ज्याच्या फोनवर पोचली, त्याला त्या दिवसापासून रस्त्यावरची प्रत्येक सुप्रा पावणेदोन लाखांची दिसायला लागली.

आमच्या ओळखीतला एक मुलगा त्यातलाच. हुशार, सॉफ्टवेअरमधला, घाईत असलेला. २०२२ च्या सुरुवातीला त्याने ६२ हजार डॉलर मोजून सुप्रा घेतली आणि मग मला दाखवायला आणली. आधी नाही, नंतर. गाडी दिसायला झकास होती. बॉनेट उघडलं तर मोठा थोरला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारं यंत्र. पण ही गाडी जन्माने टर्बो नव्हतीच. ऑटोमॅटिक गिअरची साधी सुप्रा कुणीतरी फाडून, इंजिनावर टर्बो बसवून, गिअरबॉक्स बदलून 'बनवलेली' होती. लिलावातली होती ती कारखान्यातून टर्बो म्हणून निघालेली, जेमतेम ११,२०० मैल चाललेली, कुणी हात न लावलेली. दोघींचं नाव एक, मागचा पंख एक, बाकी काहीच एक नाही. हापूस म्हणून पेटी घ्यायची आणि घरी येऊन गवत बाजूला केल्यावर कळायचं की आंबा कुठला आहे, तसली गत.

मी त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "काका, पण पॉवर तर जास्त आहे!" असेल बाबा. पॉवर हवी असणारा माणूस आणि जुनी गाडी जपायला घेणारा माणूस वेगळा असतो, आणि जास्त पैसे दुसरा देतो. २०२३ च्या अखेरीस तीच गाडी ४४ हजाराला गेली. मधल्या काळातला विमा, क्लच आणि बायकोची बोलणी वेगळी.

तेव्हा भाव बघायचा तो नावाचा नाही, त्या एका गाडीचा. टर्बो की साधी, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, किती मैल, मूळ रंग कुठला, टायटल, म्हणजे मालकीचा कागद, स्वच्छ आहे की 'सॅल्व्हेज', म्हणजे विम्याने निकालात काढलेल्या गाडीचा. फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या २००० नंतरच्या गाड्यांत तर पायाखाली तिसरं, म्हणजे क्लचचं, पेडल आहे की नाही, एवढ्यावरच किंमत कुठल्या कुठे जाते. एफ४३० घ्या किंवा मुर्सिएलागो. नवीन होत्या तेव्हा लोक स्टिअरिंगमागच्या पॅडलच्या गिअरबॉक्ससाठी जादा पैसे भरत होते, आज हातातल्या गिअरसाठी भरतात.

माझी पद्धत अगदी वाण्याच्या वहीसारखी आहे. हव्या त्या गाडीचे, त्याच गिअरबॉक्सचे, साधारण तेवढ्याच मैलांचे दहा सौदे लिहून काढायचे. खरोखर पैसे हातात पडलेले सौदे. जाहिरातीतला आकडा हा विकणाऱ्याच्या मनातला मांडा. लिलावात राखीव किंमत गाठली नाही तर शेवटची बोली कितीही मोठी दिसो, गाडी विकलेली नसते, तोही आकडा धरायचा नाही. दहातले वरचे दोन आणि खालचे दोन खोडायचे, उरलेल्या सहांकडे बघायचं. याला शास्त्र म्हणू नका, सवय आहे. आणि हो, लिलावगृहाची फी मिळवायला विसरू नका. मोठ्या लिलावांत बोलीवर दहा-बारा टक्के चढतात. हातोडा पडल्यावर घाम फुटलेले लोक मी पाहिलेत.

चढती कमान कायम चढती राहते, हाही एक गैरसमज. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी गेले आणि त्यांच्या नावाच्या गाड्यांवर लोक शेअरसारखे तुटून पडले. नवीकोरी एफ४० घ्यायची आणि एकही मैल न चालवता पुढच्याला विकायची, असा धंदाच सुरू झाला. १९९० नंतर तो फुगा फुटला आणि ज्यांच्या हातात गाडी राहिली त्यांना वर्षानुवर्षं गिऱ्हाईक मिळेना. २०२१-२२ मध्ये थोड्या प्रमाणात तेच झालं. घरी बसलेले लोक, स्वस्त कर्ज, शेअर बाजार वर. मग मार्च २०२२ पासून व्याजदर चढायला लागले, वर्ष-सव्वा वर्षात शून्याजवळून पाच टक्क्यांच्या वर गेले, आणि कर्ज काढून गाडी घेणारे पहिले गळाले. आमचा सुप्रावाला त्यातच होता. छंदाची गाडी कर्जाने घेऊ नये. यावर मी वाद घालत नाही.

लोक विचारतात, मग पुढे काय चढेल? सोळाव्या वर्षी भिंतीवर ज्या गाडीचं पोस्टर होतं, ती गाडी माणूस पंचेचाळिशीत पैसा हातात आल्यावर शोधतो. आमच्या भिंतीवर लक्ष्मी रोडच्या फुटपाथवरून आणलेली लॅम्बोर्गिनीची काउंटाश होती. तुमच्या पिढीच्या भिंतीवर जपानी गाड्या होत्या, म्हणून सुप्रा, होंडाची एनएसएक्स, निसानची स्कायलाइन चढल्या. ज्यांच्या भिंतीवर जुनी ब्रिटिश एमजी होती ते आता गाड्या विकायला काढतायत, आणि एमजी घेणारा तरुण मला तरी भेटलेला नाही. यापलीकडचं भविष्य हवं असेल तर ज्योतिषी बघा.

घाई, आणि गरम इंजिन

आता माझी स्वतःची फजिती. ही मी फुशारकीने सांगत नाही.

२००७ चा फेब्रुवारी. पेनसिल्व्हेनियात तीन तासांवर एक पोर्श. जाहिरातीत १९,००० डॉलर. त्या काळी या गाड्या अशाच मिळत. एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची, पोर्श १९९८ ला बंद झाली होती आणि तिच्यामागे कुणी वेडं झालेलं नव्हतं. बर्फ पडत होता. मी ठरवलं, आजच. मित्र म्हणाला, आधी पोर्शच्या मेकॅनिककडून तपासून घे, पाचशे डॉलर जातील. याला इथे पीपीआय म्हणतात, खरेदीपूर्व तपासणी. पण मेकॅनिकला पुढच्या गुरुवारशिवाय वेळ नव्हता, आणि तोवर दुसरा कुणी गाडी उचलेल अशी मला धास्ती.

पोचलो तर मालक दारातच उभा. गोड माणूस. गाडी गराजबाहेर काढून, पुसून, चालू करून ठेवलेली. "थंडीत तुम्हाला थांबायला नको म्हणून आधीच गरम केली," म्हणाला. मी चक्क आभार मानले! इंजिन मऊ लोण्यासारखं चालत होतं. धूर नाही, आवाज नाही. बर्फात गुडघे टेकवून खाली बघायचा मला कंटाळा आला. कागद झाले, चहा झाला, मी गाणं म्हणत घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि सगळा ड्राइव्हवे निळ्या धुराने भरला. या इंजिनांत रात्रभर उभ्या गाडीतून थोडा धूर येतोच, तो मिनिटभरात जातो. हा जाईना. शेजारीण बाहेर आली. इंजिनातल्या व्हॉल्व्हना सरळ धरणारे व्हॉल्व्ह गाइड पार झिजलेले होते. वरचं अर्धं इंजिन उघडावं लागलं, बिल ११,००० डॉलर. पाचशे वाचवले होते ना, त्याचे.

खरा फटका २०१५ ला बसला. तोपर्यंत एअर-कूल्ड पोर्शचे भाव असे उडाले होते की माझ्यासारख्या डोकं न वापरणाऱ्यालाही नफा दिसत होता. विकायला काढली. एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. मागचं झाकण उघडलं, टॉर्च काढला, पंख्याशेजारी इंजिनाच्या अंगावर कोरलेला नंबर वाचला आणि मला विचारलं, "हे इंजिन कुठलं?" नंबरात वर्षाचं अक्षर असतं. १९८७ च्या गाडीला 'एच' हवा. माझ्या इंजिनावर 'एफ', म्हणजे १९८५. कुणीतरी कधीतरी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं आणि आठ वर्षं मी त्यावर तेल घालत होतो, नंबर न वाचता. गृहस्थांनी शांतपणे १५ हजार कमी सांगितले. मी रागाने गाडी विकलीच नाही. अजून माझ्याकडेच आहे.

तेव्हापासून माझी सवय: सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं आणि नमस्कार-चमत्कार झाले की पहिल्यांदा हाताची पाठ सायलेन्सरजवळ न्यायची. गरम लागली तर सांगायचं, "मी उद्या येतो, तोवर चालू करू नका." नाही म्हणाला तर परत फिरायचं. मग इंजिनाचा, गिअरबॉक्सचा, चासीचा नंबर वहीत. मग पावत्या. सगळ्या पावत्या तारखेने टेबलावर मांडायच्या आणि मधे दोन-तीन वर्षांची भोकं दिसली तर त्या वर्षांत काय झालं ते विचारायचं. उत्तराआधी माणूस किती वेळ गप्प राहतो, ते बघायचं.

आणि पीपीआय, विकणाऱ्याने सुचवलेल्या मेकॅनिककडे नाही. त्याच गाडीवर हात बसलेल्या माणसाकडे. कारण प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं. १९९१-९२ च्या एनएसएक्समध्ये काही ठराविक नंबरांच्या गिअरबॉक्समधली स्नॅप रिंग नावाची कडी तुटते, ते होंडा सिव्हिक दुरुस्त करणाऱ्याला कशाला माहीत असेल? पोर्श ९९६ मध्ये, म्हणजे ९११ च्याच पुढच्या पिढीत, इंजिनातलं आयएमएस नावाचं बेअरिंग गेलं तर इंजिनच जातं; पण त्याच ९९६ च्या टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं इंजिन आहे, तिथे ही भानगड नाही. लोक मात्र स्वस्त ९९६ घेतात आणि बेअरिंग बदललंय का हे तोंडी विचारतात. तोंडी! पावती बघा.

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, आमचं जर्सी, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडीचा खालचा पत्रा गंजतो. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. रंग कुणीही करतो, पत्रा कुणी परत आणत नाही.

बाकीच्या, पटापट

कारफॅक्सवर, म्हणजे गाडीच्या इतिहासाच्या अहवालात, काही नाही म्हणजे अपघात नाही, असं नाही. अपघाताची नोंद कुठे झालीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. रंगाची जाडी मोजायचं यंत्र विकत घ्या, आणि पत्र्यावर सगळीकडे फिरवा.

कमी मैलांच्या मोहात पंधरा वर्षं उभी असलेली गाडी घेऊ नका. रबर, पेट्रोलची टाकी, ब्रेकचे होस, सगळं जातं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष असतं. '२३०९' म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. असल्या टायरवर टेस्ट ड्राइव्हसुद्धा करू नका.

घेतल्या घेतल्या रिम, सायलेन्सर, सीट बदलायची खाज असेल तर बदला, पण काढलेला प्रत्येक मूळ भाग खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. विकताना त्या खोक्याचे पैसे मिळतात.

जपानातून आणायची असेल तर पंचवीस वर्षांचा नियम, म्हणजे अमेरिकेसाठी न बनवलेली गाडी पंचवीस वर्षांची झाल्यावरच आणता येते तो, महिन्यावर मोजतात, मॉडेलच्या नावावर नाही. स्कायलाइनच्या पहिल्या आर३४ जीटी-आर २०२४ पासून येऊ शकतात, २००२ ची अजून नाही. कॅलिफोर्नियात राहत असाल तर केंद्राचा नियम पुरत नाही, राज्याची धुराची चाचणी वेगळी असते आणि तिचा खर्च ऐकून बरेच जण खाली बसतात. मोंटाना राज्यात नोंदणी करून तिथली पाटी लावून पळवाट काढणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, ते माझ्याशी बोलत नाहीत.

विमा 'ठरलेल्या किमतीचा' घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधीच लिहून ठेवलेला. साध्या विम्यात तुमची पोर्श ही एक अडतीस-चाळीस वर्षांची जुनी मोटार असते.

नफा झाला तर सरकार कर मागतं. हौसेच्या गाडीत तोटा झाला तर तो तुमचा.

शेवटचा प्रश्न हमखास सासऱ्यांच्या वयाच्या कुणाचा तरी असतो: "रिटायर झाल्यावर पुण्याला नेता येईल की!" भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. माझी दोन्हीत नापास. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वेगळी वाट आहे, म्हणजे माझ्या गाडीची पाळी २०३७ ला येईल. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा असेन, आणि ती गाडी इतकी खाली आहे की आत्ताच तिच्यातून उतरताना मला दाराला धरावं लागतं.