हंगामाआधी शेतावर काय काय तपासायचं

हंगाम सुरू झाला की कुणाला थांबायला सवड नसते. निघालेलं कव्हर 'नंतर बसवू' म्हणून बांधावर पडून राहतं आणि अपघात नेमका त्याच घाईत होतो. म्हणून ही तयारी आधीच उरकून घ्या.

पहिला नंबर पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद जोडलेल्या यंत्राला पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचा. तो साधारण मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. बाहीचं टोक त्यात गुंडाळलं गेलं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर हाताने फिरवून पाहा. ते शाफ्टला न अडकता सुटं फिरलं पाहिजे. तडकलं असेल किंवा त्याची साखळी तुटली असेल, तर नवं बसवल्याशिवाय यंत्र जोडू नका. सैल बाही, ओढणी, मोकळे केस यांना यंत्राजवळ थारा नको. आणि फिरता शाफ्ट ओलांडून पलीकडे जायचं नाही, फेरा कितीही लांबचा पडो.

ट्रॅक्टरला रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, असेल तर तो उभा करून पक्का करा आणि सीटबेल्ट लावायची सवय आतापासूनच लावा. या दोन्हींचा उपयोग एकमेकांच्या सोबतीनेच होतो. ओझं ओढायचं ते ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या जोडदांड्यालाच, जोडून. दोर त्याहून वर बांधला तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. रस्त्यावर निघण्याआधी डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर पुसून घ्या. मडगार्डवर कुणीही बसायचं नाही. मूल हट्ट करेल, तरीही नाही.

शेणाची टाकी, जुनी विहीर, धान्याची कोठी यांची झाकणं तपासा. शेणाच्या टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. आत कुणी कोसळलं तर वाचवायला दुसऱ्याने उडी घ्यायची नाही. एकापाठोपाठ एक जीव असेच जातात. हे घरातल्या प्रत्येकाला आधीच बजावून ठेवा, कारण त्या क्षणी जवळचं माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं.

फवारणीसाठी नायट्राइलचे (एक प्रकारच्या रबराचे) हातमोजे आणा, कापडी नकोत. कापडी मोजे औषध शोषून कातडीला लावत राहतात. औषध मूळ बाटलीतच आणि कुलपात ठेवा. विषबाधा झाली तर डॉक्टरांना ते लेबल दाखवावं लागतं.

नुकत्याच व्यालेल्या गाईजवळ जायची वेळ आली तर आधी निसटायची वाट पाहून ठेवा.

शेवटी, शेताचा पत्ता आणि तिथवर यायच्या खुणा एका कागदावर लिहून प्रथमोपचाराच्या पेटीवर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला फोनवर रस्ता सांगता येत नाही. एकट्याने कामाला निघताना कुठल्या शेतात जाताय आणि कधी परताल, हे घरी सांगूनच निघा.