बाळाची हिरवी प्युरी: दुधीपासून शेवग्याच्या पाल्यापर्यंत

भाजी वाफवायची, वाटायची आणि भरवायची, एवढंच हे काम. तरी ते बिघडतं, आणि बहुतेक वेळा पाण्यामुळे बिघडतं. कुणी वाटताना पेलाभर पाणी ओततं, कुणी विहिरीचं पाणी न उकळता वापरतं, कुणी पालकाचं पाणी ‘सत्त्व जाईल’ म्हणून त्यातच आटवतं. म्हणून इथे प्रत्येक भाजीसोबत पाण्याचं काय करायचं तेही सांगितलं आहे.

सुरुवात बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर करायची, म्हणजे १८० दिवसांनंतर. तोवर मान सावरलेली असते, आधाराने बसता येतं आणि ओठाला चमचा लागला की जीभ तो बाहेर ढकलत नाही. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायची रीत असल्याने काही घरांत ते पाचव्या महिन्यातच येतं. विधी हौसेने करा, पण भरवायला सहा महिने पूर्ण झाल्यावरच लागा. मधाचं बोट मात्र वर्ष होईपर्यंत अजिबात नको. मधात बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढतात. मीठ आणि साखर-गूळही वर्षभर नाही. भाजी आपल्याला अळणी लागते म्हणून चिमूटभर मीठ टाकायचा मोह होतो, पण बाळाला त्या अळणीपणाची काहीच अडचण नसते.

पाणी आणि भांडी

खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यात शिजवलं की मीठ न घालताही मीठ पोटात जातं. बाळापुरतं गोडं पाणी वेगळं भरून ठेवा. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, चार पदरी धुतलेल्या फडक्यातून गाळा आणि मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. भाजीचं शेवटचं धुणं आणि प्युरी सैल करणं, दोन्हीला हेच पाणी.

वाफवायला नवीन यंत्र घ्यायची गरज नाही. गणपतीनंतर माळ्यावर जाणारं मोदकपात्र या कामाला उत्तम. ते नसेल तर इडलीपात्र किंवा टोपावर बसणारी चाळण चालते. फक्त मोदकांना करतो तसं झाकणाला आतून स्वच्छ फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी थेंबथेंब भाजीवर गळतं आणि प्युरी पाणचट होते.

मिक्सरचं चटणीचं भांडं आकाराने सोयीचं, पण त्याच्या झाकणाच्या रबरात मिरची-लसूण मुरलेली असते. कितीही धुतलं तरी तिखटाचा अंश प्युरीत उतरतो, आणि बाळाने तोंड फिरवलं की दोष दुधीला लागतो. एक छोटं भांडं निदान रबरासह वेगळं ठेवा. मिक्सर नसेल तर बारीक स्टीलची चाळणी आणि पळी पुरते. भाजी चाळणीवर पळीच्या पाठीने घोटायची आणि चाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेला लगदा चमच्याने खरवडून घ्यायचा. सगळ्यात मऊ भाग तोच असतो आणि नेमका तोच धुण्यात जातो.

पहिली भाजी: दुधी

दुधी सौम्य असतो, तंतू कमी असतात आणि बारा महिने मिळतो. पाव किलोचा कोवळा तुकडा घ्या. नख सहज रुतलं तर कोवळा.

शिजवण्याआधी देठाकडचा एक कच्चा कण मोठ्या माणसाने जिभेवर ठेवून बघायचा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यायचा, कडू भाग कापून उरलेला वापरायचा नाही. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा असतो. ते शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होऊन मोठी माणसंही गंभीर आजारी पडतात. शिराळं, पडवळ, घोसाळं आणि काकडीलाही हाच नियम.

१. साल काढा, बियांचा कापूस खरवडा. अर्ध्या इंचाच्या सारख्या फोडी करा. लहानमोठ्या असल्या की काही विरघळतात, काही कच्च्या राहतात.

२. मोदकपात्रातलं पाणी उकळायला लागल्यावरच फोडी ठेवा. १० ते १२ मिनिटं. फोड दोन बोटांत दाबली की सहज चिरडली पाहिजे.

३. फोडी ताटलीत पसरून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या. कढत भाजी बंद भांड्यात फिरवली तर वाफेने झाकण उडतं, हात भाजतो.

४. पाणी न घालता, थांबून थांबून फिरवा. दुधीत स्वतःचंच पाणी भरपूर असतं. पहिले आठ-दहा दिवस चाळणीतून गाळा.

यातून छोटी वाटीभर प्युरी होते. आता चमचा भरून तिरका करा. प्युरी चमच्याला धरून राहिली आणि मग सावकाश, एका गोळ्यात सरकली तर बरोबर. धार लागली तर पातळ झाली. बाळाचं पोट लहान असतं. ते पाण्याने भरलं की भूक भागल्यासारखी वाटते आणि अंगाला काही लागत नाही. निवळ पेजेचंही असंच होतं. पातळ झालेली प्युरी आटवत बसू नका, त्यात घोटलेला मऊ भात किंवा शिजवलेलं नाचणीचं सत्त्व दोन चमचे मिसळा. घट्ट झाली असेल तर आईचं दूध किंवा उकळून कोमट केलेलं पाणी, एका वेळी एकच चहाचा चमचा.

पडवळ आणि शिराळं अशीच करायची. शिराळ्याच्या शिरा पूर्ण काढा, पडवळाच्या आतला गर टाका. दोन्ही दुधीपेक्षा लवकर, ८ ते १० मिनिटांत होतात.

मटार आणि शेंगा

सोललेला मटार एक वाटी, ८ ते १० मिनिटं वाफवा. वाटल्यावर गाळणं इथे सक्तीचं, कारण मिक्सर सालं फक्त बारीक कापतो आणि ती टाळूला चिकटतात. मटार शिजल्यावर कोरडा असतो, तेव्हा दोन-तीन चमचे पाणी लागतंच. फरसबी कोवळी घ्या, दोन्ही बाजूंची शीर ओढून काढा, १२ ते १५ मिनिटं द्या. जून फरसबी कितीही शिजवली तरी दोरे सोडते. ती घरच्या भाजीत घाला.

कडवे वाल थोडे थांबून, आठ-नऊ महिन्यांनंतर: भिजवून, मोड आणून, सोलून आणि पूर्ण शिजवून, तेही चमचाभर, कारण वायू धरतो. थंडीत अलिबागकडे पोपटी लागली, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजल्या, की त्यातले दाणे बाळाच्या तोंडात घालायची हौस सगळ्यांनाच असते, पण त्यात जाडं मीठ असतं. ते वर्षानंतर.

पालेभाजी: इथे पाणी टाकायचं

पालक, हिरवा माठ, मायाळू या भाज्या सातव्या महिन्याच्या आसपास, फळभाज्या दोन-चार झाल्यावर आणा. यांची रीत दुधीच्या उलट आहे. वाफवायच्या नाहीत, भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं.

त्याला कारण आहे. पालेभाजीत नायट्रेट आणि ऑक्झॅलेट हे क्षार जास्त असतात आणि दोन्ही काही प्रमाणात उकळत्या पाण्यात उतरतात. शिजवून ठेवलेल्या भाजीत जंतू वाढले की नायट्रेटचं नायट्राइट होतं, आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. लहान बाळांना हा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणून पालकाची प्युरी केली त्याच दिवशी संपवायची, दिवसातून एकदाच द्यायची, आणि बाळाला जुलाब होत असतील तेव्हा द्यायचीच नाही. पाण्यासोबत थोडी जीवनसत्त्वं जातात हे खरं, पण या वयात हा सौदा पत्करावा.

जुडी सोडवून कोवळी पानं खुडा, देठ आपल्या आमटीत जाऊ द्या. १०० ग्रॅम पानं मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन तीनदा धुवा. पानं वर उचलून रोवळीत काढा, पाणी पानांवरून ओतू नका, नाहीतर तळाला बसलेली माती परत पानांवरच येते. पावसाळ्यात चौथं पाणीही लागतं. एक लिटर पाणी खळखळून उकळलं की पानं टाका, झाकण न ठेवता २ ते ३ मिनिटं शिजवा, गाळा आणि लगेच उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवा. झाकण ठेवलं की पानातलं आम्ल आतच राहतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. रंग टिकावा म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने जीवनसत्त्वं नासतात. पानं हलक्या हाताने दाबून वाटा. एवढ्या पानांची प्युरी छोट्या वाटीच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच होते. ती एकटी देऊ नका. एक चमचा पालकाला तीन चमचे मूगडाळ-भात हे प्रमाण ठेवा.

मायाळू वाटल्यावर बुळबुळीत होतो, बिघडला असं समजू नका. भातात घोटला की तो बुळबुळीतपणा उलट उपयोगी पडतो, घास घशातून सहज उतरतो.

शेवग्याचा पाला परसात असतो आणि गुणाने पालकापेक्षा सरस, पण चव उग्र. शेंड्याकडची कोवळी पानं एकेक खुडा. बारीक काडीही राहिली तर मिक्सरमध्ये तुटत नाही आणि घशाला टोचते. ५ ते ६ मिनिटं उकळा. सुरुवातीला एक चमचा पाल्याला चार चमचे दुधी.

अळू बाळाच्या ताटात आणू नका. त्यातले कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक घसा खाजवतात, आणि घसा खाजतोय हे बाळ सांगू शकत नाही. शेवळंही तसलंच. टाकळा पोट ढिलं करतो. पावसाळी रानभाज्या मोठ्यांनी आवडीने खाव्यात, बाळाला थांबू दे.

लोह, तूप आणि आंबट

सहा महिन्यांच्या सुमारास बाळाचा जन्मजात लोहाचा साठा ओसरू लागतो, आणि घरात लगेच पालकाचं नाव निघतं. पण पालकातलं लोह अंगी फार कमी लागतं. भिस्त एकट्या पालकावर ठेवू नका, आणि डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील तर हिरवी भाजी सुरू झाली म्हणून ते बंद करू नका. भाजीतलं लोह लागावं म्हणून भरवताना, गरम नसलेल्या प्युरीत लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. कोकमाचं आगळ नको, त्यात मीठ असतं. मासे खाणारं घर असेल तर मुडदुशीसारखा मऊ मासा वाफवून, बोटांनी कुसकरत काटा तपासून, चमचाभर मिसळा. माशासोबत भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं.

हिरव्या भाजीतलं अ जीवनसत्त्व बनवणारं कॅरोटिन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. वाटीला अर्धा चहाचा चमचा तूप, किंवा ताज्या नारळाचा घट्ट रस एक चमचा. नारळाचा रस उन्हाळ्यात पटकन आंबतो, म्हणून तो फक्त भरवायच्या वेळी काढा.

किती आणि कसं

पहिल्या दिवशी एक-दोन चहाचे चमचे पुरे, सकाळच्या किंवा दुपारच्या वेळी, म्हणजे काही त्रास झाला तर दिवसाउजेडी कळतो. एका वेळी एकच नवी भाजी, तीन दिवस तीच, मग दुसरी. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, लागोपाठ उलट्या, श्वासाला घरघर यातलं काही दिसलं तर थांबा आणि डॉक्टर गाठा. हळूहळू दोन-तीन मोठे चमचे, आणि आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी अर्धा कप, म्हणजे सुमारे १२५ मिली, दिवसातून दोन-तीनदा. दूध पाजणं चालूच. आठव्या महिन्यानंतर गुळगुळीत वाटणं सोडा आणि काट्याने दाबून बारीक कण राहू द्या, नाहीतर पुढे प्रत्येक घासाला उमासा येतो.

नको म्हणून तोंड फिरवलं तर ओढूनताणून भरवू नका. तीच भाजी दोन दिवसांनी पुन्हा द्या. आठ-दहा वेळा चाखल्यावर मान्य होणं हे नेहमीचंच. शी हिरवी झाली तर घाबरू नका, लाल माठ दिला तर ती लालसरही दिसते.

ठेवायची असेल तर

बाळाचा उष्टा चमचा ज्या वाटीत गेला ती वाटी संपवायची किंवा टाकायची, कारण लाळेने प्युरी लवकर नासते. म्हणून आधी लागेल तेवढीच वेगळी काढा. उरलेली प्युरी वाटीसकट गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. कोकणातल्या उकाड्यात ओट्यावर दोन तास हा फार मोठा वेळ. दुधी, मटार, फरसबी फ्रीजमध्ये २४ तास. जास्त दिवसांसाठी बर्फाच्या स्वच्छ ट्रेमध्ये झाकून गोठवा. एका खणात साधारण १५ ते २० मिली, म्हणजे मोठा चमचाभर मावते. गोठल्यावर तारीख लिहिलेल्या डब्यात काढा आणि महिन्याभरात संपवा. पालेभाजी गोठवण्यापेक्षा ताजीच करावी, काम दहा मिनिटांचं तर आहे.

वापरताना वडी थेट भांड्यात घेऊन वाफा येईपर्यंत गरम करा, ढवळा, कोमट झाली की मनगटावर थेंब टेकवून बघा. एकदा गरम केलेली परत गोठवायची नाही. पावसात वीज तासन्‌तास जाते, आणि निसर्ग वादळानंतर २०२० साली तर कित्येक गावांत ती दिवसेंदिवस नव्हती. वीज परत आली की सुटलेल्या वड्या पुन्हा घट्ट होतात आणि काही झालंच नाही असं दिसतं. म्हणून डब्यात वरच एक बर्फाचा साधा खडा वाटीत ठेवा. तो वितळून वाटीच्या तळाला सपाट गोठलेला दिसला तर सगळा डबा टाकून द्या.