हिब्रू शब्दांचा अर्थ लावताना या चुका टाळा

हिब्रू शब्दाची व्युत्पत्ती बहुतेक वेळा फसते ती कानावर विसंबल्यामुळे. 'शब्बाथ' घ्या. तो ज्यूंचा पवित्र वार, आठवड्याचा सातवा दिवस शनिवार, आणि हिब्रूत सात म्हणजे 'शेवा', म्हणून शब्बाथ म्हणजे 'सातवा', असं सर्रास सांगितलं जातं. अक्षरं सुटी करून पाहा. शब्बाथची मूळ अक्षरं शिन, बेत, ताव. सातची शिन, बेत, आयिन. बेतचा उच्चार कुठे ब, कुठे व होतो, पण अक्षर एकच. शेवटचं अक्षर मात्र वेगळं, म्हणून धातूही वेगळा. शिन-बेत-ताव म्हणजे थांबणं, काम सोडणं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. शब्बाथचा खरा अर्थ त्या नावात अचूक उतरला आहे.

देवनागरी किंवा रोमन लिपीवरून धातू शोधू नका. तेत आणि ताव दोन्ही 'त' होतात, आलेफ आणि आयिन दोन्ही 'अ'. स्ट्राँगच्या 1890 च्या शब्दसूचीत बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक आहे, तो आधी काढा: शब्बाथ 7676, त्याचं क्रियापद 7673, सात 7651. मग कोश उघडा. कोशातले सगळे अर्थ एकाच वाक्यात कोंबू नका; 'रुआख' म्हणजे वारा, श्वास, आत्मा, पण नोहाच्या कथेत पाणी ओसरतं ते वाऱ्यानं.

उलट चूकही होते. अक्षरं तीच, शब्द वेगळे. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात (1:6) राजवाड्यातल्या पडद्यांचं 'कर्पास' म्हणजे तलम सुती कापड. फारसीमार्गे पोचलेला हा संस्कृत 'कर्पास', ज्यातून आपला 'कापूस' आला. वल्हांडण (पासओव्हर) या ज्यूंच्या सणाच्या ताटात मिठाच्या पाण्यात बुडवतात ती 'कर्पास' म्हणजे हिरवी भाजी, सेलरी-पार्सलीच्या जातीची. तिचा कापसाशी संबंध नाही.

इंग्रजी शब्दाचा आजचा अर्थ हिब्रूवर लादणं ही तर नेहमीची चूक. 'जुबिली'च्या मुळाशी 'योवेल' आहे, म्हणजे मेंढ्याचं शिंग. ते फुंकून पन्नासावं वर्ष जाहीर व्हायचं, गुलाम सुटायचे, जमिनी मूळ घराण्यांकडे परतायच्या. उत्सवाचा अर्थ चिकटला तो आनंदाने ओरडणे या अर्थाच्या लॅटिन 'जुबिलारे'मुळे. 'स्केपगोट' (आज अर्थ: दुसऱ्यांच्या दोषाचं खापर ज्याच्यावर फुटतं तो) हा शब्द तर बायबलचा इंग्रजी अनुवादक विल्यम टिंडेलने 1530 मध्ये घडवला. 'अझाझेल' या अवघड शब्दाची त्याने 'एझ' म्हणजे बकरा आणि 'अझाल' म्हणजे निघून गेला, अशी फोड केली. हिब्रूत अझाझेल हा एकसंध शब्द आहे, आणि बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात एक बकरा परमेश्वरासाठी, दुसरा अझाझेलसाठी, अशी जोडी येते.