‘नेक गेली’ म्हणण्याआधी: बासवाल्यांसाठी पाना, गेज आणि ॲम्पचं थोडं

जुलै उजाडला की मला बास गिटार वाजवणाऱ्यांचे ठरावीक फोन येतात. डोंबिवली, पनवेल, विरार, कुठूनही. “दादा, बासची नेक गेली. विकायला काढू का?” मी विचारतो, “मोजलीस का?” पलीकडे चिडीचूप. नेक (तारांखालची लांब दांडी) खरोखर गेलेले बास असतात, पण फार थोडे. बाकीच्यांना पाव फेरा पाना आणि ताज्या तारा पुरतात. गणपती आणि दांडियाच्या सुपाऱ्या तोंडावर असताना घाईघाईत नवा बास घेणारे बघितले की जीव तुटतो, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

नेक हलते का, ते आधी बघू. चार तारांचा नेहमीचा बास, 34 इंची स्केल, 45 ते 105 गेजच्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तारा. सुरात लावल्या की चारही तारा मिळून नेकला पाऊणशे-ऐंशी किलोंच्या जोराने पुढे खेचतात. नेकच्या पोटातला ट्रस रॉड (धातूची सळी) उलट्या बाजूने ताण देतो आणि नेक जवळजवळ सरळ राहते. जवळजवळ, कारण पूर्ण सरळ नकोच असते. वाजवताना तार मधल्या भागात जास्त हेलकावते, तिला जागा लागते. या पोकळीला रिलीफ म्हणतात. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या हवेत दमटपणा 80 टक्क्यांच्या वर जातो, लाकूड ओल पितं, फिंगरबोर्डचं (तारांखालच्या, बोटं ठेवतो त्या पट्टीचं) लाकूड वेगळं फुगतं आणि मागचं वेगळं. मग तोल बिघडतो. “पावसात नेक पुढेच येते” असं छातीठोक सांगणारे भेटतील, “मागेच जाते” म्हणणारेही भेटतील. मी दोन्ही पाहिलंय. म्हणून मोजायचं.

मोजायला महागडी हत्यारं लागत नाहीत. बाईकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो ते फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा) कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. एक कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) घ्या, गिटारवाल्याकडून उसना चालेल. बास सुरात लावा. आधी सूर, मग माप. ढिल्या तारांवर घेतलेलं माप निरर्थक. बास टेबलावर आडवा ठेवू नका, वाजवताना धरता तसाच मांडीवर धरा, कारण आडवा ठेवला की नेकचं वजन माप बदलतं. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो लावा. जिथे नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर, साधारण सतराव्या, ई तार (सगळ्यात जाड) उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबा. आता ती तार म्हणजे तुमची पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेची खालची बाजू आणि फ्रेटचा माथा यांच्यात किती फट आहे ते बघा.

गेज सरकवण्याआधी एक गोष्ट करा. दोन्ही टोकं दाबलेली असताना सातव्या फ्रेटवर तारेला बोटाने हलकेच टिचकी मारा. बारीक ‘टिक’ असा आवाज आला आणि तार किंचित खाली गेली, तर रिलीफ आहे. आवाजच नाही, तार आधीच फ्रेटला चिकटलेली आहे, तर नेक एकतर सपाट आहे किंवा मागे गेलीय. काही दिवसांत या टिचकीवरूनच अंदाज यायला लागतो. तरी गेज लावाच. तार न उचलता 0.30 मिलिमीटरचं पान सरकलं आणि 0.40 चं अडकलं, तर हात लावू नका, ठीक आहे. साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (फिंगरबोर्डच्या गोलाईच्या) बाससाठी फेंडर कंपनीचा स्वतःचा आकडाही 0.012 इंच, म्हणजे 0.3 मिलिमीटरच आहे. जुन्या पद्धतीच्या जास्त गोलाईच्या, सव्वासात इंची बोर्डाला 0.014. तुमचा हात जड असेल तर 0.4 ठेवा. गेज नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा नको.

फट जास्त असेल तर रॉड आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा. रॉडच्या टोकाचं नट तुमच्याकडे तोंड करून असताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की आवळतो. आवळण्याआधी तारा थोड्या उतरवा, रॉडवरचा भार हलका होतो. एका वेळी पाव फेरा. त्यापुढे नाही. परत सुरात लावा, परत मोजा, आणि मग रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजा, कारण लाकूड लगेच उत्तर देत नाही. गुरुवारी पाना फिरवून शुक्रवारी शोला जायचं असेल तर ठीक. शोच्या आधी ग्रीनरूममध्ये फिरवू नका.

पान्याबद्दल मी जरा चिडकाच आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ॲलन कीचा सेट मिलिमीटरचा असतो. बऱ्याच अमेरिकन बासांचं नट इंचात असतं. 3/16 इंच म्हणजे 4.76 मिलिमीटर, त्यात 5 ची की जात नाही, आणि 4.5 ची जाते पण सैल बसते. ती सैल की जोर लावून फिरवली की नटाचे कोपरे गोल होतात. मग पाव फेऱ्याच्या कामासाठी कारागिराकडे नेक उघडावी लागते. बासबरोबर आलेला पाना केसमध्येच ठेवा, घरच्या टूलबॉक्समध्ये टाकू नका. जुन्या धाटणीच्या काही प्रिसिजनमध्ये (फेंडरचं बास मॉडेल) नट नेकच्या बुडाशी असतं, दरवेळी नेक खोलावी लागते. तारा ढिल्या, स्क्रू, पाव फेरा, पुन्हा बसवा, सूर, माप. कंटाळवाणं आहे, पण तेच करावं लागतं. नट हलतच नसेल तर मात्र जोर करू नका. तिथून पुढचं काम कारागिराचं.

रिलीफ जमला की मगच ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. लोक उलटं करतात: बझ (तार फ्रेटला घासून होणारी खरखर) आला की आधी ब्रिजचे सॅडल (बॉडीवर तारा टेकतात ते तुकडे) चढवतात, मग तार पोटभर उंच, डावा हात दुखतो, आणि “नेक खराब” असा शेरा. फेंडरच्या आकड्यांनुसार सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली साधारण 2.4 मिलिमीटर आणि जी तारेखाली 2 मिलिमीटर फट असावी. तिथून आपल्या हाताप्रमाणे वरखाली करा. शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं): बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढत असेल तर सॅडल मागे.

बझ कुठे येतो हे नीट ऐकलंत तर अर्धं निदान घरीच होतं. फक्त मोकळ्या तारेवर बझ, दाबली की साफ: खुंट्यांपाशी तारा टेकतात त्या नटची (हे रॉडचं नट नव्हे) खाच खोल झालीय, ट्रस रॉडचा संबंध नाही. पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ आणि वर साफ: नेक सपाट किंवा मागे. बाराव्याच्या पुढे बझ: ॲक्शन खाली आहे, किंवा बुडाशी उंचवटा आहे. एकाच फ्रेटवर बझ: त्याच्या पुढचा फ्रेट उचलला गेलाय, बोटाने दाबून बघा, कधी हलताना दिसतो.

खरोखर वाईट नेक दोन-तीन प्रकारच्या. एक, पिळलेली. ब्रिजच्या बाजूने एक डोळा मिटून हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) बघा, दोन्ही कडा एका पातळीत दिसत नाहीत. ई तारेखाली रिलीफ वेगळा, जी तारेखाली वेगळा. ट्रस रॉड यात काही करू शकत नाही. सेकंडहॅंड बास घेताना रंग आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) नंतर, आधी ही नजर टाका. दुसरी, बुडाशी वर उचललेली. रॉडचा जोर तिथे पोचत नाही, शेवटचे फ्रेट घासून घ्यावे लागतात. कारागीर चांगला असेल तर बास पुढे वर्षानुवर्षं चालतो. तिसरी, रॉड पूर्ण आवळूनही पुढे झुकलेली. हिच्यावर पैसे घालण्याआधी कारागिराकडून नुसतं मत घ्या.

आणि एक भुताटकी. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर वाजतो आणि लगेच विझतो. हा डेड स्पॉट. स्क्रूने जोडलेल्या लाकडी नेकच्या बासांत तो सर्रास असतो, हजारांच्या बासात आणि लाखांच्याही. नेक स्वतः त्या सुराला थरथरते आणि तारेची ताकद खाते. हेडस्टॉकला छोटा क्लॅंप लावून वजन वाढवलं की तो थोडा सरकतो, जात नाही. यासाठी नेक बदलून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

आता वाद्याबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. ऑर्केस्ट्रात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डच्या गर्दीत प्रिसिजन पद्धतीचा बास सगळ्यात सोपा बसतो. जॅझ बासची (फेंडरचंच दुसरं मॉडेल) नेक खुंट्यांकडच्या नटपाशी अरुंद, लहान हाताला गोड, आणि सोलोला तोंड देतो; पण दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की मधला आवाज पोकळ होतो, मंडपात तो हरवतो. अमेरिकन बासवादक जेम्स जेमर्सन 1962 च्या प्रिसिजनवर, क्वचितच बदललेल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारांवर, मुख्यतः एका तर्जनीने वाजवायचे. त्यांची ॲक्शन उंच होती. म्हणजे ‘लो ॲक्शन हवी’ हा हट्ट वाद्यासाठी नाही, आपल्या सवयीसाठी असतो.

पाच तारांचा बास घ्यावा का? आपल्याकडे याचं उत्तर गायकाच्या पट्टीत आहे. गायिका काळी दोनमध्ये (डी-शार्प, म्हणजे ई च्या अर्धा सूर खाली) गाते, चार तारांवर सगळ्यात खालचा सूर ई, मग षड्ज वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाणं वजन गमावतं. काळी एक म्हटलं तरी तेच. पाचवी तार इथे कामाला येते. बाकी खालचा मोकळा बी म्हणजे सुमारे 31 हर्ट्झ. सभागृहातल्या बहुतेक टॉप बॉक्समधून तो नुसता फुस्स करतो. सब (सबवूफर) नसेल तर तिकडे जाऊ नका.

ॲम्प. कागदावरचे वॉट बघून भुलू नका, ‘किती ओहमला’ ते वाचा. 4 ओहमला 300 वॉट देणारा हेड (स्पीकरविना ॲम्प) 8 ओहमच्या एका बॉक्सवर (स्पीकरच्या पेटीवर) बराच कमी देतो. 8 ओहमचे दोन बॉक्स जोडले की 4 ओहम होतात. तिसरा जोडला की 2.7 वर उतरतं, आणि हेडची मर्यादा 4 असेल तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. दुप्पट वॉट म्हणजे फक्त 3 डेसिबल जास्त. 150 चा ॲम्प विकून 300 चा घेतलात तरी कानाला फार फरक वाटणार नाही, जास्त स्पीकरचा बॉक्स घेतलात तर वाटेल. हेड ते बॉक्स गिटारची जॅक वायर लावू नका, स्पीकरची वायर वेगळी असते. आणि परदेशातून कुणी ॲम्प आणून देत असेल तर मागे 120 व्होल्ट लिहिलंय का ते प्लगमध्ये घालण्याआधी वाचा.

1969 चा ॲम्पेग एसव्हीटी, 300 वॉट, आठ दहा-इंची स्पीकर, आवाज देवाचा. पण तो हेड एकट्याने जिना चढवून दाखवा. लोकलने फिरणाऱ्याने लहान कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या डीआय बॉक्समध्ये (बासचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी) घालावेत. मंडपात जनरेटरवर हम येतो तेव्हा डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही तोडू नका, माइकला ओठ लागला की झटका बसेल.

साउंडवाल्याला प्री-ईक्यू सिग्नल (ॲम्पच्या बेस-ट्रेबलच्या बटणांआधीचा) द्या, म्हणजे स्टेजवर ॲम्पवर तुम्ही बेस कमीजास्त केला तरी त्याचं हॉलचं मिक्स हलत नाही. मग कीबोर्डवाल्याकडे जा. डाव्या हाताने तो तुमच्याच सप्तकात बास वाजवत असतो, सवयीने. सॉफ्ट शब्दांत सांगा, “भाऊ, डावा हात जरा वर घे.” साउंडचेकच्या आधी सांगा, नंतर सांगितलंत तर साउंडवाला तोवर तुमचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली करून बसलेला असतो.