लाकडी फ्रेमचं घर किंवा हॉटेल बांधताय? पहिला पाऊस पडायच्या आत या चुका टाळा

कोल्हापूरच्या आसपास पन्हाळा, आंबा, गगनबावडा, राधानगरी... कुठंही जावा, जागा घेतलेला प्रत्येकजण म्हणतोय लाकडी कॉटेज टाकायचंय. चांगलंच आहे. खांब, तुळया, कैच्या सगळा भार लाकडावर आणि भिंत नुसती भरायला, ही तर आपल्या जुन्या वाड्यांचीच पद्धत. पण मग लोक विचारतात की आजोबांचा वाडा एवढी वर्षं टिकला आणि आमचं कॉटेज तिसऱ्या पावसातच का कुजलं? तर लाकूड बारीक होतं म्हणून कुजत नाही ओ, पाणी कुठंतरी अडकून बसतं म्हणून कुजतं, आणि जास्त करून ते आपणच अडकवलेलं असतं.

पहिली गोष्ट, ओलं लाकूड. सॉ मिलमधनं परवा चिरून आणलं, आज फ्रेम उभी. मिस्त्री म्हणतो "सुकलंय सायब". कशावरनं सुकलंय? मीटर लावा, ओलावा मोजणारा साधा दोन पिनांचा मॉइश्चर मीटर ऑनलाईन मिळतो. मीटर नसेल तर टोकापासनं फूटभर आतला एक इंचाचा काप काढा (टोक लवकर सुकतं, ते फसवतं), वजन करा, १०० डिग्रीच्या आसपास ओव्हनमध्ये वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा, परत वजन करा. २६० ग्रॅमचा काप २०० वर आला तर ओलावा ३० टक्के, म्हणजे लाकूड ओलंच आहे, १२ ते १५ टक्क्यांवर आलेलं पाहिजे. २० च्या वर राहिलं की बुरशीला निमंत्रण. शिवाय ओली तुळई सुकताना लांबीत जवळपास काही कमी होत नाही पण आडवी आकसते, ८ इंची तुळई सहज पाव इंच कमी होते, मग कुसू (जोडासाठी कापलेलं टोक) सालीत (ते बसायच्या खाचेत) ढिला पडतो, वरचा मजला करकरतो आणि सगळे मिस्त्रीला शिव्या घालतात. नुसत्या हवेवर सुकवायचं तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष असा हिशोब धरतात, त्यामुळं ६ इंची खांब घाईत सुकत नसतो. भट्टीत सुकवलेलं घ्या नाहीतर पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान शोधा, टिंबर मार्केटला चौकशी करा. फक्त जुन्या मालातले खिळे काढून मगच मशीनवर घाला, नाहीतर पातं गेलं समजा.

आता खांबाचा पाय, आणि इथं मी जरा जास्तच बोलणार. खड्डा खणायचा, खांब उभा करायचा आणि भोवती काँक्रीट ओतायचं, हे बघितलं की माझं डोकंच फिरतं. काँक्रीट खालनं ओल खेचतं, खांब सुकून आकसला की भोवती फट पडते, पावसाचं पाणी त्या फटीत उतरतं आणि वर यायला वाट नाही. खांब कुजतो तो बरोबर जमिनीच्या रेषेत, कारण तिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरनं पॉलिश चकाचक असतंय! डांबर फासून काही होत नाही, खालच्या आडव्या कापातनं पाणी नळीतनं चढल्यासारखं वर चढतं. जुन्या वाड्यात खांबाखाली दगडी उथळं असतं ते शोभेला नव्हतं. आज दगडाचं उथळं करा नाहीतर आरसीसी पेडेस्टल आणि त्यावर लोखंडी शू (खांबाचा पाय बसवायचा बूट), कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठलाही फॅब्रिकेटर बनवून देईल, पण गॅल्वनाईज करून घ्या आणि शूच्या तळाला पाणी जायला भोक ठेवायला सांगा, नाहीतर ती वाटीच होते. जमिनीपासनं निदान ९ इंच वर, गगनबावड्यासारख्या ठिकाणी दीड फूटसुद्धा चालेल कारण पागोळ्यांचं पाणी उडतंच. वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा.

घर आधीच बांधून झालंय? पेचकस घ्या आणि खांबाच्या पायथ्याला चारी बाजूनं दाबून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर वरची तुळई जॅकवर घेऊन तेवढा पाय कापून खाली पेडेस्टल देता येतं, अख्खा खांब बदलायची गरज नसते. जॅकचं काम मात्र जाणकाराकडनंच.

नदीकाठच्या भागात असाल तर २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, दोन्ही वेळेला पाणी ५५ च्या वर. पुरात उभं राहिलेलं लाकूड लगेच रंगवू नका, खालच्या फळ्या उघडा, वारं लागू दे, मीटर २० च्या खाली आला की मग बघू.

साग म्हणजे वाळवी लागत नाही हा अजून एक गैरसमज. गाभा टिकतो, कडेचा पांढरा भाग किडा आणि वाळवी दोघंही खातात, आणि स्वस्त सागात तोच जास्त असतो. प्लिंथ भरायच्या आधी जमिनीला वाळवीचं औषध मारा आणि खांबाचा पायथा फळ्या मारून झाकू नका, वाळवीची मातीची नळी चढताना दिसली तर पाहिजे ना!

दार अडकतंय अशी तक्रार पावसात हमखास येते. रंधा घ्यायच्या आधी टेप घ्या, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर पल्ला फुगलाय, दिवाळीपर्यंत थांबा, आत्ता रंधलं तर उन्हाळ्यात बोटभर फट. फरक आला तर चौकट नाही, घराची फ्रेमच कलली आहे, म्हणजे तिरके टेके दिलेले नाहीत किंवा कुणीतरी खिडकी मोठी करायला ते काढले. ओळंबा लावून बघा, फ्रेम सरळ करून टेके द्या.

तुळईत भोकं पाडणाऱ्या प्लंबरवर लक्ष ठेवा. मधल्या भागात खालच्या कडेला खाच म्हणजे तुळईचा जीवच काढला, ताण तिथंच असतो. पाईप न्यायचाच तर उंचीच्या मध्यावर छोटं भोक. आणि ४ बाय ६ मागवलं, रंधून साडेतीन बाय साडेपाच हातात आलं तर वाकायच्या हिशोबानं जवळपास एक चतुर्थांश ताकद गेली, हे बिलावर लिहिलेलं नसतं, त्यामुळं रंधलेलं माप ठरवून ऑर्डर द्या.

हॉटेलवाल्यांनी तर हिशोब इंजिनियरकडनंच करून घ्यावा. घराच्या खोलीला चौरस मीटरला २०० किलोचा भार धरतात, रेस्टॉरंटच्या हॉलला ४०० किलो. घराचं ड्रॉइंग तसंच उचलून वर चाळीस माणसं तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारायला बसवू नका. आगीचंही तसंच. जाड लाकूड मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर जळत आत जातं, त्यामुळं मोठा खांब बराच वेळ भार धरतो, पण पातळ फळ्या आणि उघडे लोखंडी जोड धरत नाहीत. ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं आगीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. वायरिंग पाईपातनं, स्वयंपाकघर शक्यतो वेगळ्या विटांच्या खोलीत, आणि तंदूरचा धुराडा छपरातनं जातो तिथं लाकूड लांब ठेवून मधे जीआयचा (जस्त चढवलेला) पत्रा. फायरचं एनओसी लागतंय का ते बांधायच्या आधी विचारा, छप्पर चढल्यावर नको.