मोठा टर्बो बसवल्यावर बूस्ट कसा सेट करायचा

टर्बो बदलला की धुळ्याकडचं गिऱ्हाईक थोड्याच दिवसांत परत येतं: "भाऊ, गाडी ओढस नही." बहुतेक वेळा टर्बो चांगलाच असतो, ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) आकडे जुन्या टर्बोचे राहिलेले असतात.

ईसीयूला टर्बो दिसत नाही, दिसतो तो मॅप सेन्सरने मोजलेला, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब. तक्त्यातला हवा तो बूस्ट (टार्गेट; बूस्ट म्हणजे टर्बोने वातावरणाच्या वर चढवलेला दाब) आणि प्रत्यक्षातला बूस्ट यांतला फरक बघून ईसीयू सोलेनॉइडची, म्हणजे विजेवरच्या झडपेची, ड्युटी (ती किती टक्के वेळ चालू) कमी-जास्त करतो. नेहमीच्या थ्री-पोर्ट सोलेनॉइडमध्ये ड्युटी वाढवली की वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारं दार) उघडणाऱ्या ॲक्च्युएटरवरचा दाब उतरतो, ते दार त्यातल्या स्प्रिंगने मिटलेलं राहतं, बूस्ट चढतो. (एमहॉक स्कॉर्पिओसारख्या व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलणारा टर्बो) डिझेलला वेस्टगेटच नसतं; हे सगळं वेस्टगेटवाल्या पेट्रोल गाडीसाठी.)

पहिलं काम सेन्सर. तो वातावरणासकट दाब मोजतो, म्हणून 2.5 बारचा सेन्सर साधारण 1.5 बार बूस्टपर्यंतच सांगतो. त्यावर आकडा अडकतो, इंजिनात हवा मात्र वाढतच जाते आणि पेट्रोल कमी पडतं. टार्गेट तिथवर जाणार असेल तर आधी सेन्सर बदला, त्याचं कॅलिब्रेशन ईसीयूत भरा. होजच्या जोडांना साबणाचं पाणी लावून गळतीही बघून घ्या.

आता ड्युटी शून्य ठेवून गाडी पळवा. जो बूस्ट येईल तो निव्वळ स्प्रिंगचा, समजा 0.7 बार. त्याच्या खाली ईसीयू कधीच जाऊ शकत नाही. मग ड्युटी थोडी थोडी वाढवत प्रत्येक आरपीएमला किती बूस्ट येतो ते मांडा आणि बेस तक्ता भरा. मी हे धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर करतो, भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना. लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर, चालवणाऱ्याची नजर फक्त रस्त्यावर.

खरी मेख पुढे आहे. मोठा टर्बो उशिरा फिरतो. तेवढ्या वेळात इंटिग्रल (साठत गेलेल्या फरकावर ड्युटी वाढवणारा ईसीयूतला हिशेब) "बूस्ट कमी, बूस्ट कमी" म्हणत ड्युटीची उधारी साठवत बसतो. टर्बो जागा झाला की ती सगळी एकदम बाहेर पडते: टार्गेट 1.2, लॉगवर 1.5, आणि ईसीयू इंधन तोडतो. गाडीला असा गचका बसतो की माणूस घाबरतो. म्हणून इंटिग्रल टार्गेटच्या 0.2 बार जवळ आल्यावरच चालू होईल असं ठेवा. तोवर गेट पूर्ण मिटलेलं, पुढे बेस तक्ता. बूस्ट वरखाली हेलकावत असेल तर प्रपोर्शनल (त्या क्षणाच्या फरकावर ड्युटी बदलणारा हिशेब) कमी करा.

गचका घालवायला फ्युएल कटची मर्यादा वर सरकवणारे भेटतात. तसं कुणालाही करू देऊ नका, पिस्टन त्याच मर्यादेमुळे वाचतो.

शेवटचा लॉग मे महिन्याच्या दुपारी घ्या. जळगावात पारा 45 जवळ गेला की आत जाणारी हवा तापते, ठोका (पेट्रोल आपोआप भडकणं) वाढतो, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. तापमानानुसार टार्गेट उतरवणारा तक्ता त्या लॉगवरूनच भरा. पहाटेच्या लॉगवरून भरलेला उन्हाळ्यात उपयोगाचा नाही.